सोलापूरचा दरवाजा, लंडनची कमान

लंडनच्या हाइड पार्क कॉर्नरला चहूबाजूंनी गाड्यांचा लोंढा वाहत असतो आणि मधल्या हिरवळीवर एक भलीमोठी दगडी कमान उभी असते. तिचं नाव वेलिंग्टन आर्च. पोर्टलंडचा फिकट दगड, नक्षीदार डोक्यांचे उंच खांब, लोखंडी दारं, आणि माथ्यावर चार उधळलेले घोडे जुंपलेला काळपट ब्राँझचा रथ. बकिंगहॅम पॅलेस पाहून हाइड पार्ककडे निघालेले पर्यटक इथे एक फोटो काढतात आणि पुढे जातात. आपल्याकडून लेकीकडे-मुलाकडे गेलेले आईवडीलही त्यात असतात. नेपोलियनवर मिळवलेल्या विजयाची ही कमान, एवढं वाक्य कानावर पडलं की त्यांचं समाधान होतं. मराठी माणसाने तिथे जरा जास्त वेळ थांबायला हरकत नाही, असं मला वाटतं. सोलापूरच्या माणसाने तर नाहीच.

आधी कमानीची हकीकत. चौथ्या जॉर्ज राजाला आपल्या राजवाड्याला साजेशी प्रवेशद्वारं हवी होती, म्हणून १८२० च्या दशकात ही आणि मार्बल आर्च अशा दोन कमानी आखल्या गेल्या. डेसिमस बर्टन हा या कमानीचा वास्तुविशारद. त्याच्या नकाशात कोरीवकाम भरपूर होतं, पण राजवाड्याच्या बांधकामानेच तिजोरी रिकामी केली आणि कमान बरीचशी उघडीबोडकी राहिली. १८४६ साली तिच्या डोक्यावर ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा घोड्यावर बसलेला प्रचंड पुतळा चढवण्यात आला. मॅथ्यू कोट्स वायट या शिल्पकाराचं ते काम, वजन चाळीस टनांच्या घरात. कमानीच्या मानाने पुतळा इतका मोठा होता की गावभर हसू झालं. व्हिक्टोरिया राणीलाही तो आवडला नाही. उतरवायची भाषा सुरू झाली, तेव्हा ड्यूक स्वतः हयात होता आणि समोरच्याच अ‍ॅप्सली हाउसमध्ये राहत होता. पुतळा उतरवला तर लोक समजतील माझ्यावर सरकारची मर्जी राहिली नाही, असं त्याचं म्हणणं पडलं. झालं, पुतळा आणखी पस्तीस-छत्तीस वर्षं तिथेच. पुढे रस्त्यावरची गर्दी हटेना म्हणून १८८२-८३ मध्ये अख्खी कमान दगड-दगड सुटा करून थोडी बाजूला नेऊन पुन्हा बांधली, तेव्हा कुठे पुतळ्याची रवानगी अल्डरशॉटच्या लष्करी छावणीत झाली. आताचा रथ १९१२ चा. त्याचा शिल्पकार अ‍ॅड्रियन जोन्स आधी लष्करात घोड्यांचा डॉक्टर होता. घोडे एवढे मोठे की पूर्ण होण्याआधी त्याने एकाच्या पोटात मित्रांना जेवायला बसवलं होतं, असं सांगतात. कमानीच्या पोकळ पोटात बरीच वर्षं एक छोटी पोलीस चौकी होती. हल्ली एका बाजूच्या पोकळीतून खालच्या भुयारी रस्त्याची हवा बाहेर सोडली जाते.

या कमानीकडे कोणी कधी शत्रू म्हणून चालून आलं नाही. तिच्या लोखंडी दारांना कोणी टक्कर दिली नाही. रोमच्या टायटसच्या कमानीपासून पॅरिसच्या आर्क द त्रियोंफपर्यंत युरोपातल्या या कमानी अशाच असतात: त्यांना जोडून तट नाही, भोवती खंदक नाही, आणि लढाई दुसरीकडे कुठेतरी होऊन गेलेली असते. जिंकलेल्याने त्यांच्याखालून मिरवत जावं, एवढंच त्यांचं काम.

वेलिंग्टनची लढाई म्हटलं की जगाला वॉटर्लू आठवतं. पण तुझ्या हातून लढाईत झालेलं सगळ्यात चांगलं काम कोणतं, असं म्हातारपणी विचारल्यावर या माणसाने उत्तर दिलं होतं ते एका मराठी गावाचं नाव घेऊन. असई. आजच्या जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यातलं लहानसं गाव. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेशी तो भिडला. तेव्हा तो ड्यूक नव्हता, नुसता मेजर जनरल आर्थर वेलस्ली. समोरची फौज त्याच्या कितीतरी पट. वाटाडे सांगत होते, नदीला उतार नाही. त्याने दुर्बिणीतून पाहिलं तर नदीच्या अल्याड एक गाव आणि अगदी समोर पल्याड दुसरं. समोरासमोर दोन गावं वसतात ती उतार असल्याशिवाय नाही, एवढ्या अंदाजावर त्याने सैन्य पाण्यात घातलं, आणि उतार निघाला. पुढे जे झालं ते भयंकर होतं. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत, संगिनी छातीला लागेपर्यंत बत्ती देत राहिले. वेलस्लीच्या अंगाखालचा एक घोडा गोळीने गेला, दुसऱ्याला भाला लागला. त्याने मैदान मारलं, पण लढलेल्यांपैकी तिसऱ्या हिश्शाच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली.

ही लढाई त्याच्या एका मित्राला पसंत पडली नाही. टॉमस मन्रो त्याचं नाव, ग्लासगोच्या व्यापाऱ्याचा मुलगा, वेलस्लीपेक्षा आठ वर्षांनी मोठा. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेत साध्या कॅडेटपासून चढत आलेला हा माणूस तेव्हा कडप्पा-बळ्ळारीच्या बाजूला कलेक्टर होता आणि तंबूत राहून गावोगावच्या जमिनीचा सारा ठरवत होता. पुढे रयतवारी म्हणून जी पद्धत गाजली, ती याचीच. इंग्रजांचीच कर्नल स्टीव्हन्सनची तुकडी जवळ होती, ती येईपर्यंत थांबायला काय झालं होतं, असा मन्रोचा सवाल. वेलस्लीने रागावण्याऐवजी त्याला लांबलचक पत्र लिहून आपली बाजू मांडली. एक विजयी सेनापती आणि एक महसुली अंमलदार यांच्यात असा पत्रव्यवहार होतो, याचं मला नेहमी नवल वाटत आलं आहे. मन्रोचं युद्धातलं डोकं वेलस्लीला ठाऊक होतं. ते सोलापूरला कळायला आणखी पंधरा वर्षं जायची होती.

हाइड पार्क कॉर्नरची ती हिरवळ सोडण्याआधी आणखी दोन नावं वाचून घ्यायला हवीत. वेलिंग्टन आर्चपासून चार पावलांवर, कॉन्स्टिट्यूशन हिलच्या तोंडाशी मेमोरियल गेट्स आहेत. हे २००२ मधलं बांधकाम. दोन महायुद्धांत ब्रिटनसाठी लढलेल्या भारतीय उपखंड, आफ्रिका आणि कॅरिबियनच्या सैनिकांसाठी चार दगडी खांब, आणि बाजूला एक छोटी छत्री. छत्रीत उभं राहून मान वर केली की घुमटाच्या आतल्या बाजूला व्हिक्टोरिया क्रॉस आणि जॉर्ज क्रॉस मिळवणाऱ्यांची नावं कोरलेली दिसतात. त्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव आहेत. घाडगे १९४४ मध्ये इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात पडले. जाधवांनी एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीच्या उंच काठावर उभं राहून, मराठ्यांची आरोळी ठोकत मागच्या तुकड्यांना पुढे बोलावलं होतं. मराठ्यांना हरवून मोठा झालेला ड्यूक, आणि त्याच्या कमानीच्या शेजारी मराठ्यांची नावं. इतिहासाला असल्या गाठी घालायची खोडच आहे.

आता सोलापूर.

आमच्याकडेही दरवाजा आहे. भुईकोट किल्ल्याचा. पार्क चौकातून सिद्धेश्वराच्या देवळाकडे निघालं की डाव्या-उजव्या हाताला दुकानं, रिक्षा आणि शेंगदाणेवाले, आणि त्यांच्या मागे काळ्या दगडाचा दुहेरी तट दिसतो. एका अंगाला सिद्धेश्वर तलावाचं पाणी, बाकीच्या बाजूंनी पूर्वीचा रुंद खंदक. बहमनी काळात पायाभरणी झालेल्या या कोटात पुढच्या दोन-तीनशे वर्षांत ज्याच्या ताब्यात आला त्याने भर घातली. बुरुजांवर आदिलशाहीतले फारसी शिलालेख आहेत. तटात जिथे-तिथे जुन्या देवळांचे कोरलेले दगड चिणलेले आहेत. एखादी देवाची मूर्ती आडवी पडलेली, एखाद्या खांबाची वेलबुट्टी उलटी लागलेली. ज्या गवंड्याने ते बसवले त्याला आकार हवा होता, नक्षीशी त्याचं देणंघेणं नव्हतं.

दरवाज्यात शिरताना एक गोष्ट पायांना कळते: वाट सरळ नाही. एक दार ओलांडलं की वळावं लागतं, समोर भिंत येते, मग पुढचं दार. दख्खनच्या सगळ्याच चांगल्या किल्ल्यांत हा बेत असतो. बाहेरून तोफेचा गोळा सरळ दारावर येऊ नये, हत्तीला धावत येऊन टक्कर देता येऊ नये आणि आत घुसलेल्याला वळताना वरून मार बसावा. दाराच्या फळ्यांवर हत्तीच्या कपाळाच्या उंचीला अणकुचीदार खिळे, मोठ्या दारातच माणूस वाकून जाईल एवढी दिंडी, आत दोन्ही हातांना पहारेकऱ्यांच्या देवड्या. कमानही आहेच, टोकाला निमुळती होत गेलेली, वर ओझं पेलून उभी. पण ती शोभेला नाही. लंडनच्या कमानीखाली येणाऱ्याचं स्वागत व्हावं म्हणून जागा सोडलेली आहे. इथे येणाऱ्याचा वेग मोडावा म्हणून प्रत्येक दगड बसवलेला आहे.

गंमत अशी की इतका विचार करून केलेल्या या दरवाज्याची मालकी बरेचदा लग्नाच्या बैठकीत ठरली. १५२४ साली विजापूरच्या इस्माईल आदिलशाहाची बहीण मरियम अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाला दिली. लग्न इथेच, सोलापुरात लागलं. सोलापूरचा किल्ला आणि भोवतालचा मुलूख आंदण म्हणून देऊ, असा शब्द विजापूरच्या वकिलाने दिल्याचं नगरकर म्हणत राहिले. असा शब्द आम्ही दिलाच नव्हता, असं विजापूरकर. व्याही-व्याह्यांत आंदणावरून तंटा होतो तो चार दिवस चालतो. हा चाळीस वर्षं चालला. लढाया झाल्या, विजयनगरच्या रामरायाची मदत घेऊन नगरच्या निजामशाहाने किल्ला जिंकला, विजापूरने परत घेण्यासाठी खूप डोकं आपटलं. शेवटी विजयनगरच्या विरोधात सगळ्यांनी एक व्हायचं ठरलं, तेव्हा आधी घरातला तंटा मिटवावा लागला. हुसेन निजामशाहाने आपली मुलगी विजापूरच्या अली आदिलशाहाला दिली आणि सोबत सोलापूरचा किल्ला दिला. ती मुलगी म्हणजे चांदबिबी. जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटची लढाई झाली, ती या लग्नानंतर. तीस वर्षांनी हीच चांदबिबी माहेरच्या किल्ल्याच्या पडलेल्या भगदाडात उभी राहून मोगलांशी लढली. सोलापूरकरांच्या दृष्टीने मात्र ती आमचा किल्ला हुंड्यात घेऊन गेलेली मुलगी.

यापुढचं भरभर सांगतो. निजामशाहीच्या मलिक अंबरने भातवडीच्या लढाईनंतर सोलापूर घेतलं. १६३६ च्या तहात शहाजहानने ते विजापूरला दिलं. १६६८ च्या तहात विजापूरने ते औरंगजेबाला दिलं. मे १६८५ मध्ये औरंगजेब स्वतः इथे येऊन बसला आणि वर्षभर इथूनच विजापूरच्या वेढ्याची सूत्रं हलवत राहिला. जून १६८६ मध्ये तो इथून निघाला आणि सप्टेंबरात विजापूर पडलं. पुढे हैदराबादचा निजाम, मग पेशवे. दर वेळी किल्लेदार बदलला, शिक्के बदलले, दरवाजा जागेवरच.

१८१८ चा मे महिना उजाडला तेव्हा पेशवाई जवळजवळ संपलेली होती. आदल्या नोव्हेंबरात खडकीची लढाई हरून दुसऱ्या बाजीरावाने पुणं सोडलं होतं. तेव्हापासून तो पुढे आणि इंग्रज मागे. २० फेब्रुवारी १८१८ रोजी आपल्याच जिल्ह्यात, पंढरपूरच्या अलीकडे आष्टीला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले इंग्रजांच्या घोडदळावर तुटून पडले आणि पडले ते कायमचे. हेच बापू गोखले १८०३ मध्ये पेशव्यांकडून आलेल्या मदतीच्या फौजेत, वेलस्लीच्या बाजूने उभे होते. आष्टीलाच साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती लागले. गोखले गेले, छत्रपती गेले, तेव्हा पेशव्यांकडे लढायला राहिलं काय? राहिली ती तोफखान्याची आणि पायदळाची बरीचशी फौज. पळत्या पेशव्याच्या घोड्यांबरोबर जड तोफा धावू शकत नव्हत्या. ती फौज सोलापूरच्या तटाखाली येऊन थांबली.

तिचा सरदार गणपतराव पानसे. पानसे घराणं पिढ्यान्‌पिढ्या पेशव्यांच्या तोफखान्याचं. सासवडजवळ सोनोरीच्या डोंगरावरचा मल्हारगड याच घराण्याने बांधलेला. गणपतरावांकडे पाच-साडेपाच हजारांच्या घरात पायदळ होतं, त्यात हजारावर अरब शिपाई, काहीशे घोडेस्वार आणि डझनावर तोफा. किल्ल्यात शिबंदी वेगळी. मालक कुठे आहे, जिवंत आहे की नाही, पगार कोण देणार, कशाचाच पत्ता नाही. अशा वेळी लढायला उभं राहणाऱ्या माणसांविषयी आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत फार थोडं लिहिलेलं असतं. खडकी आणि आष्टी यांच्यावर धडे असतात. सोलापूर एका ओळीत उरकतं.

दक्षिणेकडून जो येत होता तो मन्रो. तो आता ब्रिगेडियर जनरल होता, वय छप्पन्न. युद्ध सुरू झालं तेव्हा तो धारवाडला मुलकी कामावर होता आणि त्याच्या हाताशी नाव घेण्याजोगी फौज नव्हती. त्याने काय केलं, तर पट्टेवाले-शिबंदी भरती केली, गावोगावच्या देसाई-पाटलांना आपलंसं केलं आणि त्यांच्याच माणसांकरवी पेशव्यांचे अंमलदार उठवून लावले. कित्येक ठाणी त्याला गोळी न झाडता मिळाली. फेब्रुवारीत बदामी, १० एप्रिलला बेळगाव. वर्षानुवर्षं सारा वसूल करताना या मुलखातल्या कुळकर्ण्यापासून वतनदारापर्यंत कोण कशावर चिडतो आणि कशावर राजी होतो, हे त्याला कळलं होतं. तलवारीइतकाच हा हिशेब त्याच्या कामी आला. वाटेत जनरल प्रिट्झलरची पलटणी फौज येऊन मिळाली. भीमा ओलांडली, सीना ओलांडली, आणि ९ मे रोजी तो सोलापूरसमोर आला.

मेमधलं सोलापूर. ज्यांनी ते अनुभवलं नाही त्यांना समजावून सांगणं कठीण. सकाळी आठला डोळ्यांपुढे झळा नाचायला लागतात आणि संध्याकाळी सहालाही तटाच्या दगडाला हात लावता येत नाही.

मन्रोने आधी बोलणं लावलं. शरण या, जीव आणि चीजवस्तू सुरक्षित राहील, असा निरोप घेऊन चैनसिंग नावाचा एक देशी सुभेदार तटापाशी गेला. अरबांनी त्याला तिथेच ठार केलं. बोलणी करायला आलेल्या माणसावर हात टाकायचा नाही, हा लढाईतला जुना रिवाज. तो का मोडला? थकलेल्या पगारामुळे, भीतीमुळे, की एकदा मारलं म्हणजे मागे फिरायची वाटच राहू नये म्हणून? मला शेवटचं कारण खरं वाटतं. ज्यांना पुढारी शरण जातील याची धास्ती असते ते असं करतात.

१० मेची पहाट. दोन तुकड्या शिड्या घेऊन पेठेच्या तटाकडे धावल्या. सोलापूरची पेठ म्हणजे तेव्हाचं गाव. त्याला स्वतःचा तट होता, किल्ल्याइतका भक्कम नव्हे. तट चढून जाणं लवकर झालं, आणि मग गल्लीबोळांतून रेटारेटी. पानशांनी नुसतं पाहत बसणं पत्करलं नाही. छावणीतून फौज आणि तोफा घेऊन ते वळसा घालून निघाले आणि पेठेत गुंतलेल्या इंग्रजांच्या कुशीवर मारा करू लागले. डाव चांगला होता. हल्लेखोर गल्ल्यांत अडकलेले असताना बाहेरून त्यांची पाठ कापायची, आणि ते जमलं असतं तर दिवसाचा रंग बदलला असता.

मन्रोने राखीव शिपाई घेऊन स्वतः त्यांच्यावर चाल केली. त्याच धुमश्चक्रीत मराठ्यांचा एक दारूगोळ्याचा गाडा उडाला. दारूचा गाडा फुटतो तेव्हा जवळच्या गोलंदाजांचं काय होतं ते लिहायला नको. त्यापेक्षा वाईट म्हणजे पाठीमागच्या रांगा समजतात की सगळं संपलं. संगिनी पुढे आल्या, तोफा गेल्या. गणपतराव पानसे जबर जखमी झाले आणि त्यांच्या खालोखालचा सरदार गोळ्याने ठार झाला. उरलेले किल्ल्याच्या तोफांच्या आसऱ्याला परतले. सूर्य अजून पुरता वर आला नव्हता.

दुपारपासून छावणी विरघळू लागली. पाच-पाच, दहा-दहा जण करत माणसं बाहेर पडू लागली. हे टेहळ्यांनी पाहिलं आणि मन्रोने प्रिट्झलरला घोडदळ देऊन मागे धाडलं. पायी चाललेले लोक, उघडा माळ, मेचं ऊन, पाणी फक्त पुढे सीनेत. घोडेस्वारांनी त्यांना गाठलं आणि अंधार पडेपर्यंत कत्तल चालली. इंग्रजांच्या नोंदी मेलेल्यांचा आकडा शेकड्यांत देतात. इंग्रजांकडे मात्र या आठवड्यात मेलेले आणि जखमी मिळून शंभराच्या आसपास. एवढ्या तफावतीला लढाई म्हणणं मला जड जातं. सकाळची झटापट ही लढाई होती. संध्याकाळचं सीनेकाठचं प्रकरण ही शिकार होती. असईच्या मैदानावर गोलंदाज तोफेला चिकटून मेले, इथे फौज पळताना मेली. दोन्हीकडे शिपाई तेच, त्याच मातीतले. फरक पुढाऱ्यांत आणि पगारात पडला होता.

किल्ला अजून उभा होता. ११ मेपासून तोफांचे मोर्चे लागले. चार दिवस तटावर मारा चालला. आणि इथे आपला दरवाजा पुन्हा गोष्टीत येतो. मन्रोने त्या वळणदार, खिळ्यांच्या, देवड्यांच्या दरवाज्याकडे जायचा विचारही केला नाही. दारूगोळ्याच्या नव्या विद्येला दरवाजा लागतच नव्हता. भिंत नजरेत भरेल तिथे तोफा लावायच्या आणि नवा दरवाजा पाडायचा. हत्तींसाठी ठोकलेले खिळे चारशे वर्षांनी चुकीच्या शत्रूची वाट पाहत राहिले. तटाला खिंडार पडू लागलं तसा किल्लेदाराने वाटाघाटीचा निरोप धाडला. १५ मे १८१८ रोजी खाजगी चीजवस्तू घेऊन जायच्या अटीवर शिबंदी बाहेर पडली. ज्या दाराला कोणी धडक दिली नव्हती ते आतूनच उघडलं.

याच सुमारास बाजीराव पार खानदेशाच्या उत्तरेला, असीरगडाच्या आसपास होता आणि इंग्रजांच्या सर जॉन माल्कमशी बोलणी लावण्याच्या खटपटीत होता. ३ जूनला तो शरण आला. वर्षाला आठ लाखांची पेन्शन आणि गंगाकाठचं बिठूर, असा सौदा ठरला. सोलापूरच्या तटाखाली त्याच्यासाठी लढलेल्यांपैकी कोणाला काय मिळालं, याची नोंद शोधण्याच्या फंदात पडू नये.

मन्रोने त्याच वर्षी प्रकृतीच्या कारणाने लष्करी काम सोडलं. पुढे तो मद्रासचा गव्हर्नर झाला आणि १८२७ च्या जुलैत फिरतीवर असताना पत्तिकोंड्याला पटकीने गेला. मद्रासमध्ये त्याचा घोड्यावरचा पुतळा आहे. चॅन्ट्री या शिल्पकाराने तो केला आणि त्यात रिकीब नाही, खोगीर नाही, यावर चेन्नईचे लोक आजही बोलतात. वेलस्लीला कमान, मन्रोला घोडा.

सोलापूर इंग्रजांच्या हाती गेलं आणि बदललं ते किल्ल्यामुळे नाही. पुढे जिल्हा झाला, नगरपालिका आली, रेल्वे आली, गिरण्यांची धुराडी उभी राहिली. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, आणि तटाच्या बाहेरचं गाव तटाच्या आतल्या किल्ल्याहून कितीतरी मोठं झालं. १८१८ मध्ये गाव एका पहाटेत गेलं होतं आणि किल्ला पाच दिवस टिकला होता. १९३० मध्ये उलटं घडलं, आणि तेही त्याच मे महिन्यात. गांधीजींच्या अटकेची बातमी आली, हरताळ झाला, ८ मेला जमावावर गोळीबार झाला आणि शंकर शिवदारे हा तरुण पडला. पोलीस चौकी आणि न्यायालय पेटलं. युरोपियन कुटुंबांना रेल्वे स्टेशनवर हलवावं लागलं आणि तीन-चार दिवस गावाचा कारभार गावकऱ्यांच्या हातात राहिला. वाहतुकीला शिस्त लावण्यापर्यंत सगळं स्वयंसेवक पाहत होते. १२ मेच्या रात्री मार्शल लॉ पुकारला गेला आणि फौज आली. या वेळी तिच्यापुढे तट नव्हता, खंदक नव्हता, पानशांच्या तोफा नव्हत्या. गल्ल्यांत गिरणी कामगार होते आणि डोक्यावर गांधी टोप्या होत्या. लष्कराला टोप्या उतरवण्याचे आणि तिरंगे काढण्याचे हुकूम काढावे लागले. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. त्यांचे चार पुतळे सोलापुरात उभे आहेत आणि त्या चौकाला गाव चार पुतळा म्हणतं. रिक्षावाल्याला किल्ल्याचा पत्ता विचारला तर तोही आधी चार पुतळाच सांगतो.